दिसत होतं, तरी सूज होती: पडद्याच्या उपचारांचं पहिलं वर्ष

मधुमेहाच्या जवळजवळ प्रत्येक फाइलवर कधी ना कधी एक ओळ लिहिलेली असते: 'डोळ्यांचा पडदा तपासून घेणे'. पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेला, चित्र टिपणारा पातळ थर, रेटिना. माझ्या फाइलवर ती ओळ सलग तीन वर्षं होती. वाचता येत होतं, लांबच्या पाट्या दिसत होत्या, मग घाई कसली? या हिशेबात चूक कुठे होते ते आधी सांगतो. वाचायचं काम पडद्याच्या मधला एक छोटासा भाग करतो, त्याला मॅक्युला म्हणतात. साखरेमुळे बिघडतात त्या पडद्यावरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या. त्यांना फुगवटे येतात, त्या झिरपतात, काही बंदच पडतात. हे सगळं मध्यभागाच्या बाहेर चालू असेपर्यंत शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचता येतात. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. त्यातून एका डोळ्यात बिघाड सुरू झाला तरी दुसरा इतकं सांभाळून घेतो की पत्ताच लागत नाही. म्हणून टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करायची, आणि त्यानंतर साधारण दर वर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहणार असतील तर आधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत.

माझ्या बाबतीत सुरुवात चष्म्यापासून झाली. उजव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं म्हणून नवा नंबर काढला, चष्मा केला आणि महिनाभर त्याची सवय व्हायची वाट पाहिली. हा महिना फुकट गेला. साखर वरखाली होत असली की डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पाणी धरतं किंवा सोडतं आणि नंबर तात्पुरता बदलतो. साखर काही आठवडे स्थिर होईपर्यंत चष्मा करायचाच नाही. शिवाय नव्या चष्म्यानेही नीट दिसलं नाही तर दोष भिंगात नसतो. ते ओळखायची सोपी युक्ती तपासणीत वापरतात: बारीक भोकाच्या पट्टीतून तक्ता वाचायला लावतात. भोकातून स्पष्ट दिसलं तर प्रश्न बहुधा नंबरचा. तरीही अंधुकच राहिलं तर मागे, पडद्याकडे बघायला हवं. मी भोकातूनही ६/२४ च्या पुढे गेलो नाही, म्हणजे निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून वाचता येतं ते मला ६ मीटरवरून.

पडद्याच्या डॉक्टरांकडचा पहिला दिवस अर्ध्या दिवसाचा धरून चला. बरोबर काय न्यायचं ते मला दुसऱ्या खेपेला कळलं: गेल्या दोन-तीन वेळचे एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा), रक्तदाबाची नोंद, मूत्रपिंडासाठी करतात तो क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट, सगळ्या औषधांची नावं मात्रेसकट, लांबचा आणि जवळचा असे दोन्ही चष्मे, गॉगल, आणि घरी परत आणायला एक माणूस. आधी नंबर, मग डोळ्याचा दाब, मग बाहुली मोठी करायचे थेंब. थेंब चरचरतात. बाहुली उघडायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधुमेहात ती जरा हट्टी असते, त्यामुळे दोन-तीनदा थेंब घालावे लागतात. काचबिंदू असेल किंवा 'कोन अरुंद आहे' असं कुणी पूर्वी सांगितलं असेल तर थेंबांच्या आधी सांगायचं.

या थेंबांनंतर चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त वेळ, जवळचं वाचता येत नाही. त्यावरून दोन गोष्टी. एक, कुठलाही फॉर्म, संमतिपत्र, विम्याचा कागद थेंब घालायच्या आधी मागून घ्या आणि वाचून सही करा. मला तो नंतर मिळाला आणि मी आंधळेपणाने सही केली, अगदी शब्दशः. दुसरी जास्त महत्त्वाची: दुपारचं इन्सुलिन घेत असाल तर पेनवरचा आकडा त्या वेळी दिसत नाही. मात्रा बरोबरच्या माणसाकडून लावून घ्या, नाहीतर थेंबांनंतरही वाचता येईल इतकं मोठं भिंग जवळ ठेवा. अंदाजाने लावू नका.

तपासणीत डॉक्टर आधी यंत्रावर हनुवटी टेकवून, मग आडवं झोपवून, कपाळावरच्या दिव्याने पडद्याची कडेपर्यंत पाहणी करतात. वर बघा, उजवीकडे बघा, खाली बघा. उजेड असह्य वाटतो, पण त्याने अपाय होत नाही. नंतर काही मिनिटं सगळं गुलाबी-जांभळं दिसतं. मग फाइलवर लिहिलं गेलं: उजवा डोळा मध्यम एनपीडीआर, डीएमई, डावा डोळा तीव्र एनपीडीआर.

हे शब्द समजून घेतले तर निम्मी भीती जाते आणि निम्मी योग्य जागी बसते. एनपीडीआर म्हणजे वाहिन्या बिघडल्यात, पण नव्या वाहिन्या फुटलेल्या नाहीत. त्याच्या तीन पायऱ्या: सौम्य, मध्यम, तीव्र. पडद्याचे चार भाग कल्पून डॉक्टर मोजतात. चारही भागांत भरपूर रक्ताचे ठिपके, किंवा दोन भागांत शिरा मण्यांच्या माळेसारख्या झालेल्या, किंवा एका भागात वाहिन्यांचे आडवेतिडवे ठळक फाटे, यातलं काहीही एक असलं की 'तीव्र'. त्यापुढची पायरी पीडीआर. उपाशी पडलेला पडदा नव्या वाहिन्या उगवतो, त्या नाजूक असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्त पसरतं. डीएमई, म्हणजे मॅक्युलाची सूज, हे वेगळंच प्रकरण आहे आणि ते कुठल्याही पायरीवर होऊ शकतं. म्हणून माझ्या 'बऱ्या' डोळ्यात आजार पुढे गेलेला होता आणि 'वाईट' डोळ्यात मागे. दिसण्यावरून पायरी कळत नाही ती अशी. डॉक्टरांना प्रत्येक डोळ्याबद्दल वेगवेगळं विचारा: पायरी कोणती, सूज आहे का, असली तर अगदी केंद्रात आहे की बाजूला.

त्याच दिवशी ओसीटी झालं. पडद्याचा आडवा छेद प्रकाशाने काढणारी ही तपासणी. एका खुणेकडे टक लावून बघायचं, डोळ्याला काही लागत नाही, काही सेकंदांत संपतं. कागदावर रंगीत वर्तुळ येतं, त्यात नऊ कप्पे, आणि मधल्या कप्प्यातला आकडा म्हणजे केंद्राची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). निरोगी डोळ्यात तो साधारण २५० ते २८० च्या आसपास असतो. माझा उजवीकडे ४३८ होता. पण एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राशी ताडून बघू नका. एकाच डोळ्याला दोन बनावटींची यंत्रं बराच वेगळा आकडा देतात. शक्यतो वर्षभर एकाच यंत्रावर ओसीटी करा आणि दर वेळी रंगीत प्रत मागून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काही कळत नाही.

चार दिवसांनी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग देतात आणि तो पडद्याच्या वाहिन्यांतून जाताना फोटो काढत जातात. प्रत्येकाला ही लागते असं नाही; डाव्या डोळ्यात पडदा कुठे उपाशी आहे ते पाहायचं होतं म्हणून सांगितली. मिनिटभरात मळमळल्यासारखं होतं आणि जातं. त्वचा काही तास पिवळट राहते, लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत गडद पिवळी-नारिंगी होते. हे आधी माहीत नसेल तर कावीळ झाली असं वाटून घरात धावपळ होते. सुई टोचल्याजागी आग झाली तर गप्प बसू नका, रंग शिरेबाहेर जात असतो. खाज, गांधी, श्वास लागणं यातलं काहीही वाटलं तर लगेच बोला, आणि पूर्वी कुठल्याही औषधाची ॲलर्जी झालेली असेल तर सुईच्या आधी.

उजव्या डोळ्यातली सूज उतरवायला डोळ्यातच इंजेक्शनं द्यायची ठरली. निदान झाल्यापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत अठरा दिवस गेले. त्यातले अकरा विम्याच्या पूर्वपरवानगीत. अर्ज एकदा परत आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत उजवा डोळा लिहिलेला, अर्जात 'दोन्ही डोळे'. मग कळलं की चिठ्ठी, ओसीटी, अर्ज आणि बिल या चार कागदांवर डोळा, निदानाचे शब्द आणि औषधाचं नाव तंतोतंत जुळायला हवं. परवानगी एका इंजेक्शनची आहे की मालिकेची, तेही विचारून घ्या. माझी एकेकाचीच होती, त्यामुळे दर वेळी इंजेक्शन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढचा अर्ज टाकायला लागलो. औषधाच्या खोक्यावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर फाइलला लावून घ्यायचा. विम्याला लागतो, आणि काही बिघडलंच तर डॉक्टरांनाही.

खर्चाचं गणित इंजेक्शनगणिक मांडू नका, वर्षाचं मांडा. बिलात सगळ्यात मोठा वाटा औषधाचा, आणि औषधा-औषधात कित्येक पटींचा फरक. बेव्हासिझुमॅब मुळात कॅन्सरचं औषध, डोळ्यासाठी त्याच्या छोट्या मात्रा निर्जंतुक पद्धतीने काढून घेतात, म्हणून स्वस्त. रॅनिबिझुमॅब, ॲफ्लिबरसेप्ट आणि नंतर आलेलं फॅरिसिमॅब ही डोळ्यासाठीच मंजूर झालेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत पहिल्या तिघांना समोरासमोर ठेवलं होतं. नजर फार कमी झालेली नसेल तर पहिल्या वर्षाअखेर तिन्ही सारखीच ठरली. नजर ६/१५ किंवा त्याहून खाली असेल तर ॲफ्लिबरसेप्ट सरस. त्या अभ्यासात पहिल्या वर्षात सर्वसाधारणपणे नऊ-दहा इंजेक्शनं लागली होती. 'एक घेऊन बघू' असं म्हणणाऱ्याला हा आकडा आधीच माहीत असलेला बरा. स्वस्त औषध वेळेवर सगळं घेणं हे महागडं दोनदा घेऊन थांबण्यापेक्षा केव्हाही चांगलं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

इंजेक्शनच्या दिवशी उपाशी राहायचं नसतं. सुन्न करायला फक्त थेंब असतात. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर ते आवर्जून सांगायचं, त्यावर डॉक्टर औषध आणि वेळ ठरवतात. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन-आयोडिनने धुतात. संसर्ग टाळायचं मुख्य काम तेच करतं, म्हणून झोंबलं तरी 'कमी घाला' म्हणू नका. पापण्या उघड्या ठेवायला छोटा चिमटा लावतात. खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणात तोच सगळ्यात नकोसा. मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून, केसासारखी बारीक सुई. औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाएवढं. सुई समोरून येताना दिसत नाही, कारण तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगितलेलं असतं. दाब जाणवतो, दोन-तीन सेकंद. त्या वेळी बोलायचं नाही. तोंडातले जंतू उडतात, म्हणून खोलीत सगळेच गप्प असतात. शेवटी बोटं मोजायला लावतात आणि सुट्टी.

रात्री मात्र डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं आणि माणूस घाबरतो. ती आयोडिनची करामत. कृत्रिम अश्रूंचे थेंब विचारून ठेवा, सकाळपर्यंत बरंच कमी होतं. पांढऱ्या भागात लालभडक डाग आला तर तो वरवरचा असतो, एक-दोन आठवड्यांत जातो. नजरेच्या खालच्या बाजूला काळा गोल हलताना दिसतो तो हवेचा बुडबुडा. प्रत्यक्षात तो डोळ्यात वर तरंगत असतो, पण पडद्यावरची प्रतिमा उलटी, म्हणून खाली दिसतो. दोन दिवसांत विरतो. घाबरायचं कशाला, तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, लाली वाढली, नजर धूसर होत गेली तर. डोळ्याच्या आत संसर्ग झाल्याची ती खूण. हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण त्यात तास मोजावे लागतात. सकाळची वाट पाहायची नाही. विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तरीही तसंच. रात्रीचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

पहिल्या महिन्यानंतर ४३८ चे ३८० झाले. तिसऱ्यानंतर ३३४, पाचव्यानंतर ३१८, आणि नजर ६/१२. पहिल्या इंजेक्शननंतर मात्र मला काहीच फरक जाणवला नव्हता. आधी सूज उतरते, नजर मागाहून येते, आणि पूर्वीइतकी येईलच असं नाही. उभ्या रेषा अजूनही मध्ये किंचित वाकतात.

मग मी घोडचूक केली. सहाव्या महिन्याची तारीख कामामुळे पुढे ढकलली, तीन आठवडे. दिसत होतं ना! ओसीटीवर ३७२ आले. हे औषध सूज उतरवतं, तिचं कारण काढून टाकत नाही. डोळ्यातून ते निघून गेलं की झिरपणं पुन्हा सुरू. सुरुवातीला साधारण महिन्याने आणि नंतर अंतर वाढवत नेतात ते यासाठीच, आणि ते अंतर ओसीटी ठरवते, आपल्याला कसं वाटतं ते नाही.

कारण काढायचं काम डोळ्याच्या बाहेर होतं. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बराच काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली तर पडदा सुरुवातीला थोडा बिघडू शकतो. टाइप १ मधुमेहावरच्या १९९३ च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीतही हे दिसलं होतं. पण त्याच चाचणीत साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये नव्याने रेटिनोपथी (म्हणजे पडद्याचा हाच आजार) होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. याचा अर्थ साखर उतरवायची नाही असा नव्हे. इन्सुलिन किंवा सेमाग्लुटाइडसारखं जोरदार औषध सुरू व्हायच्या आधी पडदा तपासून घ्यायचा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवायचे. पायोग्लिटाझोन हे साखरेचं औषध अंगात पाणी धरतं आणि मॅक्युलाची सूज वाढवू शकतं. माझ्या यादीत ते होतं, सातव्या महिन्यात बदललं. रक्तदाबही तितकाच मोलाचा. टाइप २ वरच्या १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब कडक ठेवल्याने रेटिनोपथी पुढे सरकण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी घटलं होतं.

आठव्या महिन्यात डाव्या डोळ्यात, ज्याने मला उत्तम दिसत होतं त्यात, नव्या वाहिन्या दिसल्या आणि लेसर ठरला. घरच्यांना वाटलं आता चष्म्याचा नंबर जाणार. हा तो लेसर नव्हे. पडद्याच्या कडेच्या उपाशी भागावर बाराशे-सोळाशे सूक्ष्म डाग देतात. झटपट ठिपक्यांचा नमुना उमटवणारं यंत्र असेल तर त्याहून जास्त. कडेचा भाग खर्ची घालून मध्य वाचवायचा, असा हा सौदा. नजर सुधारत नाही, कडेची आणि रात्रीची थोडी कमी होते, आणि मॅक्युलाला काही दिवस सूज येऊ शकते. माझ्या तीन बैठका झाल्या, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. डोळ्यावर भिंग टेकवतात आणि प्रकाशाचे झटके सुरू होतात. बरेचसे कळतही नाहीत. घड्याळातल्या तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी मात्र कळ मस्तकात जाते, कारण तिथून नसा जातात. हात वर करून थांबवता येतं, डोकं मागे घ्यायचं नाही. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तेव्हा दुसरी बैठक सोपी गेली. इंजेक्शनांवरही नव्या वाहिन्या आवरतात, पण तारखा चुकण्याची शक्यता असेल तर लेसर भरवशाचा, असं डॉक्टरांनी माझ्या सहाव्या महिन्याकडे बोट दाखवून सांगितलं.

नव्या वाहिन्या असलेल्या डोळ्यासमोर अचानक काळे धागे, जाळं किंवा धूर दिसला तर रक्तस्राव समजायचा. डोकं उंच ठेवून बसायचं-झोपायचं, जड उचलायचं नाही, त्याच दिवशी गाठायचं. पडदा दिसेनासा झाला असेल तर सोनोग्राफीने बघतात. रक्त आपोआप निवळलं नाही तर आतला द्रव काढायची शस्त्रक्रिया, व्हिट्रेक्टमी. माझ्यावर ती वेळ आली नाही.

घरी दर रविवारी एकच पान, तोच दिवा, तेच अंतर, चष्मा लावून, एक डोळा झाकून मग दुसरा. शेजारी चौकटींचा कागद, मध्ये ठिपका. ठिपक्याकडे बघत रेषा कुठे वाकतात ते पेन्सिलीने खुणायचं. रोज दहा वेळा तपासलं तर फक्त जीव घाबरा होतो. आणि हे सगळं करूनही पडद्याची तपासणी टळत नाही, कारण डाव्या डोळ्याच्या रेषा शेवटपर्यंत सरळच होत्या.

फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता केला आहे: तारीख, डोळा, नजर, जाडी, काय केलं, बॅच क्रमांक, एचबीएवनसी, रक्तदाब. नवीन डॉक्टर आधी तेच पान वाचतात. वर्षअखेर त्यावर सोळा ओळी आहेत: नऊ इंजेक्शनं, तीन लेसर, बाकी नुसत्या तपासण्या. उजवीकडे शेवटचा आकडा २९६. पुढची तारीख दहा आठवड्यांनंतरची आहे. विम्याचा अर्ज काल टाकला, आणि त्या दिवशी आधी फॉर्म, मग थेंब.